ब्रेकर अधूनमधून ट्रिप होतो, बॉक्स मात्र ठणठणीत: जुन्या विमानातल्या वायरचे इन्सुलेशन तपासताना

तक्रार साधारण अशी असते. ढगांतून खाली येताना, किंवा रात्रभर पावसात उभ्या राहिलेल्या विमानाला सकाळी वीज देताच एखादा ब्रेकर ट्रिप होतो. बॉक्स (त्या सर्किटवरचे इलेक्ट्रॉनिक युनिट) काढून शॉपला जातो, तिथे काहीच सापडत नाही आणि ‘दोष आढळला नाही’ असा शेरा घेऊन तो परत येतो. तोवर त्याच्या जागी दुसरा बसलेला असतो. दोन आठवडे सगळे शांत, मग पुन्हा तेच. कधी ब्रेकर ट्रिप होतच नाही. इंधनाचा आकडा क्षणभर उडी मारतो, एखादा दिवा लुकलुकतो, हेडसेटमध्ये खरखर येते आणि जमिनीवर उतरल्यावर सगळे ठीक.

एकाच जागचा दुसरा बॉक्स बदलूनही तक्रार तीच राहिली, तर तिसरा मागवण्यात अर्थ नाही. दोष बहुधा मधल्या वायरमध्ये आहे. आणि इथेच बहुतेक तपास फसतो: कोरड्या हँगरमध्ये मेगर (जास्त व्होल्टेज लावून इन्सुलेशनचा रोध मोजणारे उपकरण) लावला, आकडा छान आला, म्हणून वायर निर्दोष ठरवली जाते. ज्या अवस्थेत दोष उमटतो, म्हणजे ओल, थंडी, थरथर, ती अवस्था तपासणीत आणल्याशिवाय मेगरचा चांगला आकडा जवळजवळ काहीच सिद्ध करत नाही.

ब्रेकर वेळेवर का सुटत नाही

साध्या थर्मल ब्रेकरमध्ये द्विधातूची पट्टी तापून वाकते आणि संपर्क सोडते. जास्त प्रवाहाने वायर भाजू नये एवढेच त्याचे काम. ठिणगी ओळखणे त्याला जमत नाही. रेटिंगच्या दुप्पट प्रवाह असला तरी सुटायला त्याला अनेक सेकंद लागतात. फाटलेल्या इन्सुलेशनमधून होणारे आर्किंग (ठिणग्या उडणे) मात्र तुटक असते: काही मिलिसेकंदांचे झटके, मध्ये शांतता. झटक्याचे शिखर मोठे, पण सरासरी प्रवाह ब्रेकरच्या मर्यादेत. त्या बिंदूवर तापमान हजारो अंशांवर जाते आणि ब्रेकरला पत्ताही नसतो. प्रवाहाच्या लहरीचा आकार बघून सुटणारे आर्क फॉल्ट ब्रेकर आता मिळतात, पण जुन्या विमानांत बहुतेक ठिकाणी थर्मलच आहेत.

म्हणून ‘एकदा दाबून बघू’ ही सवय वाईट. ट्रिप झाला याचा अर्थ त्या जागी आधीच बरेच काही होऊन गेले असण्याची शक्यता आहे, आणि प्रत्येक रीसेट तिथल्या जळक्या इन्सुलेशनच्या कोळशाला नवी वीज पुरवतो. जमिनीवर कारण सापडल्याशिवाय ब्रेकर आत दाबू नये, त्याला कॉलर (तो आत दाबू न देणारी कडी) लावून ठेवावी. इंधन पंपाच्या ब्रेकरबाबत तर कुठलीही सवलत नको.

आधी वायरची जात ओळखा

वायरवर ठराविक अंतराने क्रमांक छापलेला असतो. उदाहरणार्थ ‘एम२२७५९/३४-२०-९’ यात २२७५९ हे स्पेसिफिकेशन, ३४ ही जात, २० हा गेज आणि ९ म्हणजे पांढरा रंग. विमान बनवणाऱ्यांचे स्वतःचे क्रमांकही असतात. ते वायरिंगच्या प्रमाणित पद्धतींच्या मॅन्युअलमध्ये, म्हणजे २० व्या प्रकरणात उलगडून मिळतात. जात कळली की वायर कशी खराब होणार याचा अर्धा अंदाज येतो.

‘५०८६’ मालिकेतल्या जुन्या पीव्हीसी आणि नायलॉनच्या वायर १०५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या. वर्षानुवर्षे उष्णता खाऊन पीव्हीसीतला मऊपणा आणणारा घटक निघून जातो, वायर कडक होते, वाकवली की वरचे नायलॉन तडकते. जळाली की धूर दाट आणि आम्लधर्मी.

‘८१३८१’ म्हणजे पॉलिइमाइड, बोलण्यात कॅप्टन (Kapton). सोनेरी-तपकिरी, पातळ, हलकी, २०० अंशांची. १९७० च्या दशकात वजन वाचवायला तिचा सपाटा लागला. तिचे दोन रोग आहेत. पहिला ओलीचा: पाण्याने, आणि अल्कधर्मी क्लीनरने त्याहून लवकर, पॉलिमरच्या साखळ्या तुटतात, वाकलेल्या, ताणलेल्या जागी हा ऱ्हास जास्त वेगाने होतो आणि वायरभोवती गोल भेगा पडतात. दुसरा जास्त घातक: आर्किंग झाले की कॅप्टन वितळत नाही, कोळसा होतो, आणि तो कोळसा वीज वाहतो. मग ठिणगी विझत नाही, वायरच्या लांबीने पुढे सरकते आणि बंडलमधल्या शेजारणींना गाठते. अमेरिकी नौदलाने १९८० च्या दशकात नव्या विमानांसाठी ही वायर घेणे थांबवले ते याच कारणाने.

पॉली-एक्स ही त्याच सुमाराची आणखी एक जात. ती वयाबरोबर तडकते. ‘२२७५९’ मालिकेतल्या इटीएफई (एक फ्लोरोपॉलिमर प्लास्टिक) वायर ओलीला दाद देत नाहीत आणि आर्किंगचा मार्ग सहज धरत नाहीत, पण मऊ असतात: क्लॅम्पची कड किंवा धातूचा किस त्यांना हळूहळू कापत जातो. त्यांतली हलकी जात, जसे /३२, इन्सुलेशनच्या जेमतेम ०.१५ मिलिमीटर भिंतीची. /३४ सुमारे ०.२५ मिलिमीटरची. एवढ्या भिंतीवर जुन्या काळी क्रमांक गरम ठशाने उठवत, आणि ठसा जास्त तापला की तो आकडाच भेगेची सुरुवात ठरे. क्रमांक छापलेल्या जागा भिंगाने मुद्दाम बघायच्या त्या यासाठी.

मेगर फसतो तो कसा

११५ व्होल्टच्या एसी पुरवठ्याचे शिखर १६३ व्होल्ट. दोन फेजमधले २०० व्होल्ट धरले तरी शिखर २८३. हवेतून ठिणगी उडायला, दाब आणि अंतर कितीही अनुकूल असले तरी, किमान सुमारे ३२७ व्होल्ट लागतात. म्हणजे कोरडी भेग आणि फ्रेम यांच्यात केसभर हवा असेल तर विमानाच्या स्वतःच्या विजेने तिथे काहीच होणार नाही, ना जमिनीवर ना ३५ हजार फुटांवर. दोष उमटायला तांबे प्रत्यक्ष टेकावे लागते, नाहीतर मधे ओल, मीठ, काजळी किंवा धातूचा किस यावा लागतो.

मेगरचे ५०० व्होल्टही तेच सांगतात. जमिनीवरच्या दाबाला १ मिलिमीटर हवा ओलांडायला ३ हजारांहून जास्त व्होल्ट लागतात. उघड्या तांब्यापासून फ्रेम १ मिलिमीटर दूर असेल तर मेगर बिनदिक्कत ‘हजारो मेगओम’ दाखवतो. आकडा खरा आहे. निष्कर्ष चुकीचा.

मल्टीमीटरची कंटिन्युइटी (वायर सलग आहे का ही चाचणी) तर याहून भोळी. २० गेजच्या वायरमध्ये १९ बारीक तारा असतात आणि दर मीटर लांबीला सुमारे ३३ मिलिओम रोध असतो. १२ मीटरच्या वायरचा रोध साधारण ४०० मिलिओम. एका सेंटिमीटरमध्ये १९ पैकी १८ तारा तुटून एकच उरली, तरी वाढ होते ६ मिलिओमची. साध्या मीटरला ती दिसणारही नाही. चार टोकांच्या मिलिओहममीटरने, तीही शेजारच्या तशाच वायरशी ताडून पाहिली, तर कदाचित.

तपासाचा क्रम

काहीही उघडण्याआधी लॉगबुकमधून नोंदी काढा: उड्डाणाचा कोणता टप्पा, हवामान, कोणती यंत्रणा चालू होती, आणि त्याआधीच्या काही महिन्यांत त्या भागात कोणते काम झाले होते. शेवटची नोंद सगळ्यात कामाची. पॅनल उघडून ड्रिल चालवले गेले असेल, शौचालय किंवा गॅली (विमानातले स्वयंपाकघर) काढून पुन्हा बसवली गेली असेल, तर सुरुवात तिथूनच. मग वायरिंग डायग्रामवरून त्या सर्किटचे तुकडे पाडा: कोणत्या कनेक्टरपासून कोणत्या कनेक्टरपर्यंत, कुठे बल्कहेड (आडवी भिंत), कुठे स्प्लाइस (वायरचा मधला जोड).

आता डोळे. साफ करण्यापूर्वी बघा. व्हॅक्यूम आधी मारला की पुरावाही त्याच्याबरोबर जातो. प्रखर टॉर्च, आरसा, १० पट भिंग. बंडल हाताने ओढू, पिरगाळू नका. जुनी कॅप्टन किंवा पीव्हीसी हलवल्यानेच तडकते, आणि तपासणीने केलेला दोष पुढच्या पावसाळी उड्डाणात उमटतो. क्लॅम्प सोडायचाच असेल तर आधी फोटो, मग सोडणे.

बघायच्या जागा ठरलेल्या आहेत. क्लॅम्पची रबरी गादी सरकून धातू वायरला लागला आहे का. फ्रेमच्या भोकातला ग्रोमेट (रबरी कडे) जागेवर आहे का. दोन क्लॅम्पमधला झोळ हाताने हलके दाबल्यावर अर्ध्या इंचापेक्षा, म्हणजे सुमारे १३ मिलिमीटरपेक्षा जास्त भरतो का. जास्त असेल तर खालच्या पाइपवर किंवा स्ट्रिंगरवर (सांगाड्याच्या लांब आधारपट्टीवर) घासल्याची चमकदार खूण शोधा. वळणाची त्रिज्या बंडलमधल्या सगळ्यात जाड वायरच्या व्यासाच्या १० पट तरी हवी. त्याहून आवळलेले वळण म्हणजे कॅप्टनला भेगेचे आमंत्रण. चाकांच्या खोबणी, पंखाच्या पुढच्या-मागच्या कडा, दरवाज्याच्या बिजागरीपाशी वाकणारे लूप, पायलॉन (इंजिन पंखाला धरणारा भाग), आणि शौचालय-गॅलीखालची जमीन या जागा ओल आणि थरथर दोन्ही सोसतात. हायड्रॉलिक तेलाचा चिकट थर, शौचालयाचे निळे पाणी, बर्फ वितळवण्याचे द्रव यांचे डाग दिसले तर द्रव कुठून येतो ते आधी शोधा. बंडलवर साठलेले धूळ-धाग्यांचे गोळे ओल धरून ठेवतात आणि सहज पेट घेतात. ड्रिलचा किस दिसला तर फुंकर किंवा दाबाची हवा मारू नका. तो बंडलच्या आत जातो. हळू व्हॅक्यूम, मऊ ब्रश.

टीडब्ल्यूए ८०० (१७ जुलै १९९६, २३० मृत्यू) आणि स्विसएअर १११ (२ सप्टेंबर १९९८, २२९ मृत्यू) या विमान अपघातांनंतर वायरिंगकडे स्वतंत्र यंत्रणा म्हणून बघायला सुरुवात झाली, आणि २००७ मध्ये अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने, एफएएने, त्याचे नियम केले. विमानाच्या झोननिहाय वायरिंग तपासण्या त्यातून आल्या. आपल्या देखभाल कार्यक्रमात त्या झोनची कार्डे असतील तर ती समोर ठेवा. लांबून नजर टाकायची की जवळून सविस्तर बघायचे हे त्यांत जागेनुसार ठरवलेले असते.

नजरेला काही लागले नाही, की उपकरणे. त्याआधी वीज पूर्ण बंद, बॅटरी सोडलेली, आणि वायरच्या दोन्ही टोकांचे बॉक्स काढलेले. एक जरी बॉक्स जोडलेला राहिला तर ५०० व्होल्ट त्याच्या आत जातात, किंवा आतला सर्ज सप्रेसर (जादा व्होल्टेज वळवून देणारा भाग) वाहू लागतो आणि खराब आकडा वायरच्या नावावर पडतो. इंधनाच्या टाकीत जाणाऱ्या वायरला मेगर लावायचा नाही, टाकी रिकामी दिसत असली तरी. रिकाम्या टाकीत वाफ असते. टीडब्ल्यूए ८०० च्या तपासात सर्वात संभाव्य कारण असे निघाले: टाकीबाहेर शॉर्ट होऊन जादा व्होल्टेज इंधन मोजणाऱ्या वायरमधून मधल्या टाकीत गेले. त्या १९७१ च्या ७४७ मध्ये बरीच वायर पॉली-एक्सची होती. इंधन मोजणीच्या वायरसाठी मॅन्युअलमध्ये सांगितलेली कमी ऊर्जेची पद्धतच वापरा.

मेगर ५०० व्होल्ट डीसीवर, एक मिनिट धरून. प्रत्येक वायर तीन प्रकारे मोजायची: फ्रेमशी, शील्डशी (वायरवरच्या धातूच्या जाळीदार आवरणाशी), आणि बंडलमधल्या बाकी सगळ्या वायर एकत्र बांधून त्यांच्याशी. तिसरे माप लोक टाळतात, कारण पिना जोडायला वेळ लागतो. पण दोन वायर एकमेकींवर घासत असतील तर फक्त तेच सांगते. किमान आकडा मॅन्युअलचा घ्या, तरी खरी किंमत तुलनेत आहे. एकाच मार्गाने जाणाऱ्या, तेवढ्याच लांबीच्या आठ वायर २ हजार मेगओम दाखवतात आणि नववी ६०, तर ६० हा आकडा मर्यादेत असला तरी नववी संशयित. तापमान आणि आर्द्रता आकड्यासोबत लिहा: ढोबळ मानाने १० अंश वाढले की रोध निम्म्यावर येतो. मोजून झाल्यावर वायर जमिनीशी जोडून डिस्चार्ज करा.

कोरडे माप चांगले आले तर ओले घ्या. मॅन्युअल आणि अभियंता परवानगी देत असतील तरच, आणि कनेक्टर झाकून: संशयित भागावर साध्या स्वच्छ पाण्याचा बारीक फवारा, बंडल ओलसर होईल एवढाच, आणि लगेच तेच तीन प्रकारचे माप. मिठाचे पाणी विमानात कधीच नको, ते वाळले तरी मागे मीठ ठेवते. फवारा एकदम सगळीकडे न मारता अर्ध्या-अर्ध्या मीटरचे टप्पे करा, म्हणजे आकडा कुठे कोसळला ते कळते. काढून टाकलेल्या वायरचा नमुना बाकावर असेल तर तो टोके बाहेर ठेवून ओलावा पसरवणाऱ्या द्रावणात काही तास बुडवून मोजता येतो, आणि ते माप या सगळ्यांत विश्वासार्ह. संपूर्ण बंडलच्या वयाचा अंदाज घ्यायलाही तोच उपयोगी.

जागा शोधायची असेल तर टीडीआर

टीडीआर (टाइम डोमेन रिफ्लेक्टोमीटर) वायरमध्ये झटपट चढणारा पल्स सोडतो आणि वाटेत इंपीडन्स (पल्सला होणारा विरोध) बदलला की परत आलेला प्रतिध्वनी दाखवतो. अंतर काढायला वेग माहीत हवा. प्रकाश नॅनोसेकंदाला ०.३ मीटर जातो. वायरचा वेग-गुणांक (प्रकाशाच्या तुलनेतला वेग) ०.७० धरला तर ०.२१ मीटर. प्रतिध्वनी १०० नॅनोसेकंदांनी आला तर जाऊन-येऊन २१ मीटर, म्हणजे दोष १०.५ मीटरवर. गुणांक ०.६५ असता तर उत्तर ९.७५ आले असते. पाऊण मीटरच्या या फरकाने चुकीचे पॅनल उघडले जाते. त्यामुळे दोन्ही टोकांनी मोजा: दोन्ही अंतरांची बेरीज वायरच्या माहीत असलेल्या लांबीएवढी भरली नाही, तर गुणांक तेवढ्या प्रमाणात दुरुस्त करा.

तुटलेली वायर किंवा पक्का शॉर्ट टीडीआर सुंदर दाखवतो. नुसते घासलेले इन्सुलेशन मात्र त्याच्यासाठी फार लहान बदल असतो. बंडलमधल्या सुट्या वायरला परतीचा मार्ग ठरलेला नसतो, फ्रेमपासूनचे अंतर बदलत राहते, आणि त्या चढउतारांत छोट्या भेगेचा प्रतिध्वनी हरवतो. मधला प्रत्येक कनेक्टर त्याहून मोठा उंचवटा काढतो. शील्ड असलेल्या किंवा पीळ दिलेल्या जोडीवर परिस्थिती बरी असते. निरोगी विमानावर घेतलेला जुना ट्रेस (टीडीआरचा आलेख) जवळ असेल तर वजाबाकी करून बघा. एरवी नव्या ट्रेसमधल्या प्रत्येक कंगोऱ्याला दोष समजू नका.

अधूनमधूनच्या दोषासाठी स्प्रेड-स्पेक्ट्रम टीडीआर कामाचा आहे. तो सांकेतिक सिग्नल अगदी कमी पातळीवर सोडतो, त्यामुळे चालू सर्किटवर बसून राहू शकतो आणि ज्या क्षणी आर्किंग होते त्या क्षणाचे अंतर टिपतो. सँडिया प्रयोगशाळेने विकसित केलेली दुसरी पद्धत पीएएसडी: काही हजार व्होल्टचा, पण नॅनोसेकंदांचा आणि अत्यल्प ऊर्जेचा पल्स. तो भेगेतली हवा ओलांडतो, क्षणभर शॉर्ट घडवतो आणि त्याच शॉर्टचा प्रतिध्वनी जागा सांगतो. मेगर जिथे फसतो नेमके तिथले हे उत्तर आहे, अर्थात परवानगी असलेल्या वायरवर आणि बॉक्स काढूनच.

थर्मल कॅमेरा या कामाला घेऊ नका. तो सैल टर्मिनल आणि तापलेला जोड दाखवतो. भेग तापत नाही.

सापडल्यावर

तांब्याच्या टोकावर गोल मणी असतील तर आर्किंग झाले आहे. ओढून तुटलेल्या तारांची टोके निमुळती असतात. भोवतीची काजळी किती दूर गेली ते बघा आणि तेवढ्या लांबीतली प्रत्येक शेजारची वायर तपासा, विशेषतः कॅप्टनमध्ये. समोरच्या फ्रेमवर वितळलेला खड्डा असेल तर स्ट्रक्चरच्या माणसाला दाखवावाच लागतो. इन्सुलेशन ब्लँकेटवर डाग असेल तर त्याचे कव्हर कोणत्या पदार्थाचे आहे ते पाहा: स्विसएअर १११ मध्ये आग वायरच्या आर्किंगपासून लागून धातूचा मुलामा दिलेल्या पॉलिएस्टर कव्हरवरून पसरली.

दुरुस्तीत टेपचा मोह सगळ्यात मोठा. घरगुती पीव्हीसी टेप विमानात वापरायचीच नाही. मॅन्युअलने मान्य केलेली टेप किंवा स्लीव्हही तांबे शाबूत असेल आणि भाग कोरडा असेल तिथेच. बाकी ठिकाणी तुकडा बदलणे उत्तम, ते शक्य नसेल तर सीलबंद स्प्लाइस. दोन कनेक्टरमधल्या एका तुकड्यात एकापेक्षा जास्त स्प्लाइस नको, टर्मिनेशनपासून (वायर जिथे जोडून संपते तिथून) १२ इंचांच्या आत नको, वळणावर नको, आणि बंडलमधले स्प्लाइस एकाच जागी न येता पुढे-मागे हवेत. चांदीचा मुलामा असलेल्या तांब्यावर लालसर भुकटी दिसली तर गंज आत सरकलेला असतो. तार स्वच्छ चमकू लागेपर्यंत मागे कापत जा, नाहीतर नवा स्प्लाइस सडलेल्या तांब्यावर बसेल.

दुरुस्तीनंतरही तक्रार परतली, तर दोन शक्यता आधी तपासा. पहिली: वायर बदलली पण ती ज्यावर घासत होती ती कड, तो झोळ, तो चुकीच्या मापाचा क्लॅम्प तसाच आहे. दुसरी: पाणी वायरवरून वाहत कनेक्टरच्या बॅकशेलमध्ये (मागच्या कवचात) उतरते आहे आणि गळती पिनांमध्ये होते आहे, वायरमध्ये नाही. कनेक्टर उघडून पिनांवर हिरवट थर दिसतो का पाहा, आणि त्याच्या आधी वायरला खाली झुकणारा लूप द्या, म्हणजे पाणी तिथेच ठिबकून जाईल.

बदललेल्या वायरची कोरडी मापे, आणि ओली घेता आली असतील तर तीही, तापमान-आर्द्रतेसकट त्या विमानाच्या कागदांत लावून ठेवा. टीडीआरचा ट्रेसही त्यांच्यासोबत लावा, दोन्ही टोकांचा.